‘पांजरपोळ’ आणि ‘दत्तक’ : वृद्ध श्वानांच्या आश्रयाचा एक शब्दैतिहास

१

प्रस्तुत टिपणाचे निमित्त अगदी क्षुल्लक आहे. गेल्या वर्षी आमच्या विभागातील एका विद्यार्थिनीने एक जाहिरात लिहून आणली आणि तिची भाषा तपासून द्यावी अशी विनंती केली. रेल्वे लाईन्स भागातील एक वयस्क दांपत्य मुलाकडे पुण्यास कायमचे राहावयास निघाले होते. त्यांच्या घरी अकरा वर्षांचा एक कुत्रा होता. मुलाच्या इमारतीत कुत्र्यास मज्जाव. तेव्हा त्याचे काय करावयाचे, हा प्रश्न. विद्यार्थिनीने मथळा लिहिला होता : ‘म्हातारा कुत्रा दत्तक देणे आहे’. तिची शंका अशी की, ‘दत्तक’ हा शब्द मुलांसाठी. तो कुत्र्यास लावणे म्हणजे इंग्रजीची उसनवारी नव्हे काय? शिवाय जो म्हातारा झाला त्यास कोणी दत्तक घेते काय?

मी तत्काळ काही उत्तर दिले नाही. शंका भाषेची होती. पण तिच्यामागे एका मुक्या जिवाच्या उरलेल्या दोन-तीन वर्षांचा प्रश्न होता, आणि घाईने दिलेले उत्तर बहुधा चुकीचे ठरले असते. पुढे सवडीने शोध घेत गेलो तेव्हा असे दिसून आले की, या एका ओळीच्या जाहिरातीत पश्चिम हिंदुस्थानच्या इतिहासातील दोन निरनिराळ्या परंपरा एकमेकींस भिडल्या आहेत. त्यांपैकी एकीचे नाव ‘पांजरपोळ’, दुसरीचे ‘दत्तक’. पहिलीत जनावर शेवटपर्यंत ठेवून घेतले जाते, पण ते कोणाचे होत नाही. दुसरीत ते कोणाचे तरी होते. वृद्ध कुत्र्याच्या बाबतीत हा भेद केवळ शाब्दिक नाही.

२

आरंभ कुत्र्याच्या नावापासूनच करणे योग्य. प्राचीन मराठीत कुत्र्यास ‘सुणें’ म्हणत. संस्कृत ‘शुनक’ शब्दाचे हे रूप कोकणीत आजही नांदते आहे; देशावर मात्र ते लोपले आणि ‘कुत्रा’ उरला. सोलापुरात तर एकाच गल्लीतल्या एकाच प्राण्यास मराठी माणूस ‘कुत्रा’ म्हणतो, कानडी माणूस ‘नायि’, तेलुगू विणकर ‘कुक्क’ आणि उर्दू बोलणारा ‘कुत्ता’. जनावर चारही हाकांना ओळखते, असा माझा अनुभव आहे.

परंतु मराठीतील खरा भेद ‘कुत्रा’ आणि ‘श्वान’ यांतला होय. जो गुन्हेगाराचा माग काढतो तो ‘श्वानपथका’तला; जो उकिरड्यावर बसतो तो ‘भटका कुत्रा’. तत्सम शब्द पगारी, तद्भव शब्द बेवारशी! एरवी कुत्र्याविषयीची मराठी भाषा कठोरच म्हणावी लागेल. ‘कुत्तरओढ’, ‘कुत्रे हाल खाणार नाही’, ‘कुत्र्याची मौत’ हे प्रयोग पाहावेत. ‘हाडतूड करणे’ या क्रियापदात तर कुत्र्याला हाकलण्याचा ‘हाड’ हा उद्गार तसाच गोठून राहिला आहे आणि आपण तो माणसांच्या बाबतीत सर्रास वापरतो. याउलट कुत्र्यास जवळ बोलावण्याचा ‘यू यू’ हा उद्गार कोणत्याही क्रियापदात शिरलेला नाही. भाषेने हाकलणे जपून ठेवले, बोलावणे नाही.

अर्थात् म्हणी व वाक्प्रचार यांवरून समाजाच्या आचरणाची परीक्षा करणे धोक्याचे असते. ज्या समाजाने हे वाक्प्रचार घडविले त्याच समाजाने खंडोबाच्या टाकावर घोड्याच्या पायांशी कुत्रा कोरला, दत्ताच्या भोवती चार कुत्री बसविली, आणि भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले ही कथा पिढ्यान् पिढ्या सांगितली. सोलापूरजवळच्या बाळे येथील खंडोबाच्या यात्रेस जाणारा भाविक चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याच्या नैवेद्यातला घास कुत्र्यास घालतो. खंडोबाचे वाघ्ये स्वतःस देवाची कुत्री मानून कोटंब्यात भिक्षा घेतात. कर्नाटकातील मैलारच्या परंपरेत तर ते कुत्र्यासारखे भुंकतही असत. गुंथर सोंथायमर यांनी या उपासनेचा जो अभ्यास केला आहे त्यात ही अंगे विस्ताराने आली आहेत. एवढे मात्र खरे की, या सगळ्या आदरात कुत्रा हा प्रतीक आहे. घास पडतो तो खंडोबाच्या कुत्र्याला. दारातला म्हातारा, डोळ्यांत सारा आलेला कुत्रा दुसऱ्या दिवशी काय खातो, हा प्रश्न उपासनेच्या कक्षेबाहेरचा राहतो.

३

राजाश्रयाची एक हकीकत मात्र या प्रश्नाच्या फार जवळ येते. साताऱ्याच्या छत्रपती शाहूंचा एक आवडता कुत्रा होता. परंपरेने त्याचे नाव खंड्या असे सांगितले जाते. शिकारीत वाघाच्या तडाख्यातून त्याने राजाचे प्राण वाचविले आणि शाहूंनी त्यास सनद देऊन पालखीचा मान दिला, असे ग्रँट डफने आपल्या १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात नमूद केले आहे. संगम माहुली येथे या कुत्र्याची समाधी दाखविली जाते.

डफच्या लेखी ही राजाच्या विक्षिप्तपणाची गोष्ट होती. मला ती तशी वाटत नाही. ज्याने प्राण वाचविले त्याची आजन्म तजवीज करणे हा मराठेशाहीतील सर्वमान्य शिष्टाचार होता. शाहूंनी तो माणसापुरता मर्यादित ठेवला नाही इतकेच. रायगडावरील ‘वाघ्या’ कुत्र्याची कथा आणि ही हकीकत यांत लोक नेहमी गल्लत करतात. वाघ्याने शिवछत्रपतींच्या चितेत उडी घेतली या कथेस समकालीन साधनांत आधार सापडत नाही. ते स्मारक विसाव्या शतकात, १९३६ मध्ये उभे राहिले आणि २०११ तसेच २०२५ मध्ये त्यावरून वाद माजले. त्या वादात येथे शिरण्याचे प्रयोजन नाही. पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, वाघ्याच्या कथेत कुत्रा धन्यासाठी मरतो, तर खंड्याच्या हकीकतीत धनी कुत्र्याच्या जगण्याची सोय करतो. पहिली कथा घरोघरी माहीत आहे. दुसरीसाठी माहुलीची वाट धरावी लागते.

याच शाहूंच्या चरित्रात ‘घेणे’ या क्रियेचे आणखी एक उदाहरण आहे आणि ते आपल्या जिल्ह्याशी संबंधित आहे. १७०७ साली दक्षिणेत परतत असता पारद गावच्या लढाईत तेथील पाटील सयाजी लोखंडे पडला. त्याच्या विधवेने आपले लहान मूल शाहूंच्या पायांवर घातले. शाहूंनी ते आपले मानले, त्याचे नाव फत्तेसिंह ठेवले, आणि अक्कलकोटच्या भोसले घराण्याचा तो मूळ पुरुष ठरला. येथे आईने दिले व राजाने घेतले. हे देणे-घेणे पुढील विवेचनात महत्त्वाचे ठरणार आहे.

४

आता पांजरपोळीकडे वळू.

हा शब्द गुजरातीतून आलेला आहे. ‘पांजरुं’ म्हणजे पिंजरा. ‘पोळ’ म्हणजे वेस असलेली बंदिस्त गल्ली, मुळात संस्कृत ‘प्रतोली’. म्हणजे पिंजऱ्यांची गल्ली. जनावरांची शुश्रूषागृहे गुजरातेत फार जुनी आहेत. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात हिंडलेल्या राल्फ फिच या इंग्रज व्यापाऱ्याने खंबायतेत लंगड्या कुत्र्यामांजरांसाठी व पक्ष्यांसाठी अशी स्थळे असल्याचे लिहून ठेवले आहे. कूच देशाच्या वर्णनात तर तो असेही म्हणतो की, तेथे म्हाताऱ्या व पांगळ्या प्राण्यांस मरेपर्यंत सांभाळतात, आणि त्या प्राण्यांत कुत्री आहेत. या संस्थांचा मागोवा डेरिक लॉड्रिक यांनी आपल्या १९८१ च्या ग्रंथात घेतला आहे. तथापि त्यांचे लक्ष प्रामुख्याने गाईकडे आहे आणि ते स्वाभाविकही आहे.

मुंबईची पांजरपोळ मात्र गाईमुळे निघालेली नाही. ती निघाली कुत्र्यांमुळे. कंपनी सरकारच्या मुंबईत ठराविक उन्हाळी दिवसांत मोकाट कुत्री मारण्याचा रिवाज होता. १८३२ साली पोलीस न्यायाधीशाने ही मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढविली. दर कुत्र्यामागे आठ आणे इनाम मिळत असल्याने मारेकरी घरांत शिरून पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले. ६ जून १८३२ रोजी पारशांचा सण होता. त्या दिवशी कोटात कुत्री मारीत फिरणाऱ्या शिपायांवर जमावाने हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला. पारशांबरोबर हिंदू, जैन आणि मुसलमानही त्यात होते. कुलाब्याच्या छावणीस जाणारी रसद अडविण्यात आली. अखेर दंगाबंदीचा कायदा वाचून दाखवून फौजेकरवी जमाव पांगवावा लागला. जेसी पालसेटिया यांनी या दंग्याचा सविस्तर अभ्यास केला आहे. वसाहतकालीन मुंबईतील हा पहिला मोठा दंगा, आणि तो कुत्र्यांवरून झाला, ही गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकांतून का गाळली जाते हे मला उमगलेले नाही.

पारशांच्या संतापाचे कारण धर्मग्रंथात होते. ‘वेंदिदाद’ या ग्रंथाचा तेरावा अध्याय जवळजवळ सर्वस्वी कुत्र्यास वाहिलेला आहे. मेंढपाळाचा कुत्रा, घरचा कुत्रा असे त्याचे प्रकार सांगून, त्यांस निकृष्ट अन्न घालणाऱ्यासही तेथे शिक्षा सांगितली आहे. या प्रकारांत ‘वोहुनझ्ग’ हा एक आहे आणि काही अभ्यासक त्याचा अर्थ धन्याविना हिंडणारा कुत्रा असा लावतात. म्हणजे ज्यास आपण ‘बेवारशी’ म्हणून निकालात काढतो त्याच्यासाठी अवेस्ताने नाव आणि पायरी दोन्ही राखून ठेवली होती. मृताच्या देहावर कुत्र्याची नजर पाडण्याचा ‘सगदीद’ विधी प्रसिद्धच आहे. त्यातील चार डोळ्यांचा कुत्रा आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील यमाची चार डोळ्यांची दोन कुत्री यांचे नाते तौलनिक भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. तेव्हा कोटातील त्या शिपायांनी कित्येक सहस्र वर्षांच्या एका श्रद्धेवर सोटा उगारला होता, आणि तोही आठ आण्यांसाठी.

दंग्यानंतर कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेण्याचा मार्ग पुढे आला. पण बाहेर म्हणजे कोठे? या प्रश्नाचे कायमचे उत्तर म्हणून १८३४ साली जमशेटजी जीजीभाई या पारशी व मोतीचंद अमीचंद ऊर्फ मोतीशा शेठ या जैन व्यापाऱ्याने मुंबईत पांजरपोळ स्थापन केली. भुलेश्वर व सी. पी. टँक यांच्या परिसरात ती आजही आहे.

येथे इंग्लंडशी तुलना करण्याचा मोह होतो, आणि ती उद्बोधकही आहे. लंडनमधील बॅटरसीचे प्रसिद्ध श्वानगृह १८६० साली मेरी टील्बी या बाईंनी हॉलोवे भागात काढले. बॅटरसीस ते १८७१ मध्ये गेले. म्हणजे मुंबईची पांजरपोळ त्याहून २६ वर्षांनी वडील आहे. पण वडीलपणापेक्षा महत्त्वाचा आहे तो दोहोंच्या कल्पनेतील भेद. लंडनच्या संस्थेच्या मूळ नावातच ‘तात्पुरते घर’ असे शब्द होते. हरवलेला कुत्रा धन्यास परत करावा, धनी न आल्यास नवा धनी शोधावा, आणि कोणीच न मिळाल्यास त्याचा शांतपणे अंत करावा, ही त्या काळची तेथील रीत. पांजरपोळीत यांतील तिन्ही गोष्टी नव्हत्या. तेथे आलेले जनावर मारीत नसत, आणि कोणास देतही नसत. ते मरेपर्यंत तेथेच राहावयाचे. लंडनमध्ये म्हाताऱ्या कुत्र्यास सर्वांत अधिक धोका. कारण नवा धनी पिल्लू पाहतो. मुंबईत म्हाताऱ्या कुत्र्यास धोका नाही, पण घरही नाही. पाश्चात्त्य टीकाकारांनी पांजरपोळींतील गर्दी, रोगराई व कुजत पडलेली जनावरे यांविषयी पुष्कळ लिहिले. त्यात थोडा आकस होता, पण सगळेच खोटे नव्हते. मुंबईत पुढे १८७४ साली प्राण्यांशी निर्दयपणा रोखणारी मंडळी उभी राहिली, १८८० च्या दशकात परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय आणि पशुवैद्यक विद्यालय निघाले, आणि ‘जीव राखणे’ याच्या शेजारी ‘जिवाची शुश्रूषा’ ही दुसरी कल्पना येऊन बसली.

मराठीत आल्यावर या शब्दाचे काय झाले तेही पाहण्याजोगे आहे. कुत्र्यांसाठी काढलेली संस्था हळूहळू गुरांची झाली. भाकड गाई व थकलेले बैल यांनी ती भरली आणि आज पांजरपोळ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे गायच येते. याची आर्थिक व धार्मिक कारणे उघड आहेत. पण एक भाषिक कारणही असावे असा माझा तर्क आहे. मराठीत ‘पोळ’ म्हणजे देवाच्या नावाने सोडलेला बैल. ‘पोळा’ हा तर बैलांचा सण. गुजराती ‘पोळ’ म्हणजे गल्ली, हे ज्यास ठाऊक नाही त्या मराठी कानास ‘पांजरपोळ’ या शब्दात पिंजरा आणि बैल ऐकू येणार. लोकव्युत्पत्तीने कुत्र्यास त्याच्याच घरातून बाहेर काढले, असे विनोदाने म्हणता येईल. हा तर्क आहे. त्यावर कोणी इमारत उभारू नये. चेंबूरला पांजरपोळ नाका आहे, आपल्या सोलापुरातही पांजरापोळ चौक आहे. तेथे रिक्षा थांबविणाऱ्या किती जणांस हा शब्द कुत्र्यांच्या दंग्यापर्यंत जातो हे ठाऊक असेल?

शेवटचा अर्थपालट तर माणसांपर्यंत पोचला. निवृत्त मंडळींनी भरलेल्या समितीस किंवा संस्थेस ‘पांजरपोळ’ म्हणून हिणविणे मराठीत रूढ आहे. म्हणजे वृद्धास आसरा देण्याचे जे पुण्यकर्म, तेच निंदेचे पद झाले. विद्यार्थिनीने आपल्या जाहिरातीत ‘पांजरपोळीत पाठविणे आहे’ असे लिहिले नाही यात नवल नाही.

५

तिने ‘दत्तक’ लिहिले. तो शब्द इंग्रजीचा तर्जुमा आहे काय? आजच्या वापरामागे इंग्रजी आहेच. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण शब्द आपला आहे आणि त्याची स्मृती खोल आहे. १८४८ साली साताऱ्याच्या छत्रपतींनी मृत्युशय्येवर घेतलेला दत्तक कंपनी सरकारने नामंजूर केला आणि राज्य खालसा झाले. पाठोपाठ झाशीचे तेच झाले. ‘दत्तक’ या शब्दासाठी या प्रदेशाने राज्ये गमावली आहेत.

धर्मशास्त्रात दत्तकाचा प्राण दोन क्रियांत आहे : दान आणि प्रतिग्रह. कोणी तरी देणारा हवा, कोणी तरी घेणारा हवा. म्हणूनच जुन्या शास्त्राप्रमाणे अनाथ मुलाचा दत्तक होत नसे, कारण देणारेच कोणी नाही. शब्दार्थही तोच, ‘दत्त’ म्हणजे दिलेला. या कसोटीवर पाहता रस्त्यावरच्या कुत्र्यास ‘दत्तक’ म्हणणे शास्त्रतः चुकीचे ठरेल. मात्र ज्या म्हाताऱ्या कुत्र्याचा धनी परगावी चालला आहे आणि जो त्यास आपल्या हाताने दुसऱ्याच्या हाती सोपवीत आहे, त्याच्या बाबतीत हा शब्द काटेकोरपणे लागू पडतो. विद्यार्थिनीच्या पहिल्या शंकेचे उत्तर असे तिच्या अपेक्षेच्या उलट निघाले.

मग बाकीच्यांचे काय? मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत. त्यांत ‘क्रीत’ म्हणजे विकत घेतलेला आहे. ‘अपविद्ध’ म्हणजे आईबापांनी टाकून दिलेला व दुसऱ्याने उचललेला आहे. आणि ‘स्वयंदत्त’ म्हणजे निराधार झाल्यावर आपण होऊन येऊन ‘मी तुमचा’ म्हणणारा आहे. कुत्रा पाळणाऱ्या कोणाही गृहस्थाने आपल्या ओळखीतली कुत्री या तीन वर्गांत लावून पाहावीत. हजारो रुपये मोजून आणलेले जातिवंत पिल्लू क्रीत. हमरस्त्यावर मोटारीतून उतरवून दिलेला लॅब्राडोर अपविद्ध. आणि पावसाळ्यात जिन्याखाली येऊन बसलेला, पुढे कधीच न गेलेला तो स्वयंदत्त. महाप्रस्थानाच्या वेळी हस्तिनापुराहून पांडवांच्या मागे निघालेला कुत्राही याच शेवटच्या वर्गातला. इंद्राचा रथ दारी आला असता, मागे आलेल्यास टाकणार नाही म्हणून युधिष्ठिर अडून बसला. त्याने तो कुत्रा घेतला नव्हता, कुत्र्यानेच त्याला घेतले होते. स्मृतिकारांचा हेतू अर्थात् वंश व पिंड यांचा होता, कुत्र्यांचा नव्हे, आणि ही तुलना शब्दांपुरतीच समजावी. तरीपण इतकी बारीक परिभाषा ज्या परंपरेजवळ होती तिच्या वारसांनी एका ‘दत्तक’ शब्दात सगळे कोंबावे, याची भाषेचा शिक्षक म्हणून मला थोडी खंत वाटते.

दुसरी शंका वयाची. येथे तर महाराष्ट्राचा इतिहास हिंदुस्थानच्या अन्य प्रांतांहून वेगळाच आहे. बंगाल, मद्रास आदि ठिकाणी दत्तकाच्या वयास व संस्कारांस मर्यादा होत्या. सतराव्या शतकातील नीलकंठ भट्टाच्या ‘व्यवहारमयूख’ ग्रंथाने विवाहित, एवढेच नव्हे तर पुत्रवान पुरुषही दत्तक घेता येतो असे मत दिले, आणि ब्रिटिश अमदानीत मुंबईच्या न्यायालयांनी ते मान्य केले. या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती म. म. पां. वा. काणे यांनी १९२६ साली सिद्ध केली. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने दत्तकाचे वय पंधरा वर्षांच्या आत असावे असे ठरविले खरे. पण जेथे रूढी असेल तेथे ही मर्यादा लागू नाही, असे त्याच कलमात म्हटले आहे, आणि महाराष्ट्रात ती रूढी आहे. तात्पर्य, प्रौढास दत्तक घेणे हा मराठी मुलखाचा शतकानुशतकांचा आचार होय. ‘गोद घेणे’ या हिंदी-उर्दू प्रयोगात मांडी आहे. मांडीवर मावेल एवढाच जीव त्यात येतो. ‘दत्तक’ शब्दाला वय नाही. कानडीत ‘दत्तु’ आणि तेलुगूत ‘दत्तत’ म्हणतात, तेथेही नाही.

६

अलीकडच्या काळातील एक हकीकत नोंदविल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. मुंबई पोलिसांच्या बाँबशोधक पथकातील ‘जंजीर’ या श्वानाचे नाव १९९३ च्या स्फोटांनंतर घरोघरी पोचले होते. तो २००० साली आजाराने गेला आणि त्यास सरकारी इतमामाने निरोप देण्यात आला. त्याला म्हातारपण आले नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याच्या वेळी काम केलेल्या मॅक्स, सीझर, टायगर व सुलतान या चौघांना मात्र ते आले. निवृत्तीनंतर त्यांना विरार येथील एका प्राणिप्रेमी व्यक्तीच्या शेतघरी ठेवण्यात आले. २०१६ या एका वर्षात चौघेही गेले. शेवटी गेला सीझर. सोबती गेल्यावर तो उदास होऊन एकटा बसून राहू लागला होता, असे त्या वेळच्या वृत्तांत आले होते. सैन्यातील स्थिती याहून निराळी होती. कामास निरुपयोगी ठरलेल्या श्वानांस दयामरण देण्याची तेथे प्रथा होती. २०१५ साली हा प्रश्न दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेला आणि त्यानंतर ती पद्धत बदलण्याकडे पावले पडली. ‘श्वान’ म्हणून जगलेल्यासही निवृत्तीनंतर ‘कुत्रा’ होण्याचे भय होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचा प्रश्न मात्र १८३२ च्या वळणावर पुन्हा आला आहे. २००१ च्या व नंतर २०२३ च्या नियमांनी निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्रे मूळ जागी सोडण्याची रीत घातली. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीपुरता आणि ७ नोव्हेंबर २०२५ रोजी देशभरच्या शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांपुरता सर्वोच्च न्यायालयाने निराळा मार्ग सांगितला. नोव्हेंबरच्या आदेशाप्रमाणे अशा आवारांतून उचललेली कुत्री परत तेथे न सोडता निवाऱ्यात ठेवावयाची आहेत. चावलेल्या मुलांचे आईबाप आणि अलर्काच्या भयाने इंजेक्शनांसाठी रांगेत उभे राहणारे लोक यांची बाजू खोटी कोण म्हणेल? परंतु निवारा म्हणजे काय, हे ठरविताना पांजरपोळीचा दोनशे वर्षांचा अनुभव कोणी उलगडून पाहिल्याचे दिसत नाही. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात मात्र एक वाक्य असे आहे की, ज्यास इच्छा असेल त्याने पालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घ्यावा, आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी पत्करावी. येथे देणारी म्हणून पालिका उभी आहे. दान आणि प्रतिग्रह या दोन्ही क्रिया त्यामुळे पुऱ्या होतात, आणि बेवारशी कुत्राही काटेकोर अर्थाने ‘दत्तक’ होऊ शकतो. न्यायमूर्तींच्या मनात ‘व्यवहारमयूख’ नव्हता, हे सांगावयास नकोच.

विद्यार्थिनीची जाहिरात शेवटी मी जशीच्या तशी ठेवली. ‘म्हातारा’ हा शब्द काढून ‘ज्येष्ठ’ घालावा असे कोणी सुचविले होते. ते मी मान्य केले नाही. अकरा वर्षांच्या कुत्र्यास ज्येष्ठ म्हणून घेणाऱ्याची फसवणूक होते, आणि कुत्र्यास त्याचे काही वाटत नाही. तिने मात्र एक भर घातली : त्याला कोणते औषध किती वाजता लागते, उजव्या कानाने कमी ऐकू येते, जिना चढवत नाही. मराठीबरोबर कानडी व तेलुगू मजकूरही तिनेच मैत्रिणींकडून लिहवून घेतला. तीन आठवडे कोणी आले नाही. मग दाजी पेठेतील एक निवृत्त यंत्रमाग कामगार आला. त्याचे घर तळमजल्यावर होते. धन्याने साखळी आपल्या हाताने त्याच्या हाती दिली.

पुढे काही दिवसांनी मी भाषेच्याच कुतूहलाने तेथे जाऊन आलो. त्या घरी तेलुगू बोलतात. अकरा वर्षे ‘ये’ आणि ‘यू यू’ ऐकलेला तो कुत्रा ‘दा, दा’ या हाकेवर पहिले आठ दिवस हलत नव्हता, असे म्हाताऱ्याने सांगितले. मी बसलो असताना त्याने हाक मारली. तीही कुत्र्याच्या डाव्या बाजूस जाऊन, ज्या कानाने त्याला ऐकू येते त्या बाजूने. कुत्रा उठला, थोडा थांबला, आणि त्याच्याकडे गेला.